दार बंद, झूम इन!

तुम्ही पक्ष्यांचे फोटो काढता असं कुणाला सांगून बघा. पहिला प्रश्न ठरलेला. 'लेन्स कुठली?' दुसराही ठरलेला. 'या सीझनला भिगवण झालं का?' अगदी 'जेवण झालं का'च्या चालीवर! पुण्यात या छंदाचं एक टाइमटेबलच होऊन बसलंय. थंडीत पहाटे चारचा गजर लावायचा, उजनीच्या बॅकवॉटरला पोचायचं, होडीत बसून फ्लेमिंगो टिपायचे आणि येताना मस्तपैकी मासळीचं ताट हाणायचं. रविवार अर्धाच मोकळा असेल तर कवडी पाट, म्हणजे डोळ्यांना चक्रवाक आणि नाकाला रुमाल. त्याहून कमी वेळ असेल तर सिंहगडची दरी. तिथे एकेका पक्ष्यामागे दहा-दहा लेन्स लागलेल्या असतात, आणि प्रत्येक लेन्स शेजारच्या लेन्सकडे तिरक्या नजरेनं बघत असते.

हे सगळं मी थोडं थोडं केलंय, आणि मजा येते हेही कबूल. पण गेलं वर्षभर माझी सगळी फोटोग्राफी घरातून चालली आहे. घरातून म्हणजे शब्दशः. अंगात कालचा टीशर्ट, पायात स्लीपर, स्टुलावर कॅमेरा आणि गॅसवर चहा.

घराबद्दल सांगायला हवं. कोथरूडमधली ऐंशीच्या दशकातली तीन मजली बिल्डिंग. बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आम्ही म्हणजे आजी आणि मी. मास कॉम करायला पुण्यात आले तेव्हा 'हॉस्टेल मिळेपर्यंत' म्हणून आजीकडे बॅग टेकवली. कोर्स संपला, दोन नोकऱ्या झाल्या, फ्रीलान्सिंग सुरू झालं, बॅग तिथेच आहे. फ्रीलान्सिंगचा एक फायदा कुणी सांगत नाही, तो म्हणजे दुपार. ऑफिसवाल्यांना दुपार ठाऊकच नसते, त्यांच्याकडे फक्त 'पोस्ट लंच' असतं. आमच्याकडे एक ते चार टाचणी पडली तरी ऐकू येते. आजी आडवी झालेली, मी लॅपटॉपवर शब्द मोजत बसलेली, आणि बाहेर तांबट. टुक, टुक, टुक, टुक...

आजीचं बालपण कसब्यातलं. तांबट आळी हाकेच्या अंतरावर. त्यामुळे या पक्ष्याला तांबट का म्हणतात हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. 'आमच्या आळीतले तांबट निदान जेवायला तरी थांबायचे,' असं ती कूस बदलता बदलता म्हणते. माझ्या फोनमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप आहे. आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही लांबचं फारसं दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. दोघांची स्पर्धा लावली तर दयाळ आणि कोतवाल या दोन पेपरांत आजी अ‍ॅपच्या पुढे असते. अर्थात कोतवाल दुसऱ्यांचे आवाज काढतो, त्यामुळे अ‍ॅपला दोष देता येत नाही.

बाल्कनी सात बाय चारची, तोंड पूर्वेला. जास्वंद, सदाफुली, एक मरायला टेकलेला मोगरा. समोरच्या प्लॉटमध्ये शेवगा, त्यापलीकडे उंबर, मधून केबलच्या वायरी. एवढ्या भांडवलावर वर्षात सत्तावीस जातींचे पक्षी मोजले. बुलबुल, शिंपी, चष्मेवाला रोजचे. उंबर पिकला की राखी धनेश येतो आणि चोचीतलं फळ वर उडवून गिळतो, तेव्हा मला हातातली डेडलाइन दिसेनाशी होते.

पण माझा हिरो शिंजीर. पुस्तकात जांभळा शिंजीर, इंग्रजीत पर्पल सनबर्ड. बोटभर जीव, पुढे वाकलेली बारीक चोच. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना तो हमिंगबर्ड वाटतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, आणि शिंजीर हवेत फडफडून मध पिऊ शकत असला तरी त्याला बसायला फांदी मिळाली तर हवीच असते. (या बाबतीत तो आणि मी सारखे.) नर लांबून काळाकुट्ट दिसतो. पण त्याचा जांभळा-निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवर आपटणाऱ्या उजेडाचा खेळ आहे. उजेडाचा कोन जमला तर झगमगाट, नाही जमला तर कोळसा. आमच्या बाल्कनीत तो कोन सकाळी सव्वासात ते आठ असा पाऊण तास जमतो.

आता थोडं टेक्निकल, सांभाळून घ्या. पाठीमागे उजळ आकाश आणि समोर काळा पक्षी असला की कॅमेरा गोंधळतो. आकाश सांभाळायच्या नादात पक्ष्याची सावली करून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक-दीड स्टॉप प्लसला न्यायचं. शटर हजारात एकच्या खाली नको, कारण हा प्राणी एका जागी दोन सेकंद टिकत नाही. आयएसओ वाढला तर वाढू द्यावा. फोटोतला थोडा दाणा चालतो, हललेला डोळा चालत नाही. आणि हो, सहाशे मिलिमीटरची तोफ लागत नाही. माझी लेन्स सत्तर-तीनशेची, तीही सेकंडहॅण्ड. पक्षी दहा फुटांवर असेल तर पुरते.

यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शिंजिराची मादी कोळ्याचं जाळं चोचीत धरून बाल्कनीत फिरायला लागली. मादी दिसायला साधी, वरून तपकिरी, खालून पिवळट. घर मात्र तीच बांधते. नर वायरीवर बसून गातो. (नो कॉमेंट्स.) कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक लोंबत होतं, तिथे तिनं काम काढलं. आधी कोळिष्टकाचे वेढे, मग गवताच्या काड्या, सालपटं, सुकलेल्या पानांचा चुरा, सगळं त्या चिकट धाग्यांनी बांधलेलं. आठ-दहा दिवसांत लांबट थैली तयार. बाजूला गोल दार आणि दारावर चक्क छज्जा! लांबून बघितलं तर दोरीला कचरा अडकलाय असं वाटावं. तसं वाटणं हाच तर तिच्या डिझाइनचा फंडा.

आमचे कपडे हॉलमध्ये वाळायला लागले.

आणि इथून एक नियम सुरू झाला. घरट्याचे फोटो काढायचे नाहीत. जवळ जाऊन तर नाहीच. हा नियम माझा नाही, पक्ष्यांसोबत बराच काळ घालवलेल्या माणसांचा आहे, आणि काही फोटो स्पर्धा आता घरट्यातले फोटो घेतच नाहीत. कारण साधं आहे. चांगल्या फ्रेमसाठी लोक आडवी येणारी पानं तोडतात. त्या पानांमुळे पिल्लांवर सावली असते आणि कावळ्याच्या, भारद्वाजाच्या नजरेपासून आडोसा असतो. पान गेलं की फोटो क्लीन येतो आणि दोन दिवसांनी घरटंही क्लीन होतं. वर फ्लॅश, वर ग्रुपवर लोकेशन. मादी घाबरून उठली आणि उन्हाच्या वेळी अंडी किंवा पिल्लं उघडी पडली तर काय होतं, ते फोटोत दिसत नाही.

त्यामुळे मी हॉलच्या काचेच्या आड, घरात दिवा बंद, लेन्सचं हूड काचेला टेकवलेलं, डोक्यावर आजीची गडद निळी शाल. घरट्याकडे कॅमेरा नाही. कॅमेरा जास्वंदीकडे, जिथे मादी घरट्यात शिरण्याआधी क्षणभर थांबते. आत डोकावायची गरजही नसते. छज्ज्याखालून नुसती चोच बाहेर दिसायला लागली म्हणजे ती अंड्यांवर बसली. हे काम एकट्या मादीचं, साधारण दोन आठवड्यांचं. मध पिणारा पक्षी चोचीत कोळी किंवा अळी घेऊन येऊ लागला की समजायचं, पिल्लं बाहेर आली. लहान पिल्लांना मध भागत नाही, त्यांना मटण लागतं! आणि आईबाप पांढऱ्या गोळ्या बाहेर नेऊन टाकायला लागले म्हणजे पिल्लं व्यवस्थित खातायत. बाळाचं सगळं डायपरवरून कळतं, हे आमच्या ताईनं सांगितलंच होतं.

हे असं छान चाललं होतं. नेमका तेव्हाच आजीच्या खोकल्याचा रिपोर्ट आला.

खोकला जानेवारीपासूनचा. कोरडा. आधी हवा बदलली, मग अ‍ॅलर्जी, मग सगळ्यांच्या घरी असतं ते 'वय झालं'. दुसरा मजला चढताना ती दोनदा थांबायला लागली तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधांबद्दल नव्हता. 'घराजवळ कबुतरं आहेत?'

कबुतरं नाहीत असं घर पुण्यात शोधून दाखवा. हा मुळात कडेकपारीत राहणारा पक्षी. त्याच्या लेखी आपल्या बिल्डिंगा म्हणजे कडे आणि एसीच्या युनिटमागची जागा म्हणजे कपार. वरून माणसं पुण्य म्हणून पोत्यानं धान्य ओततात. 2023 साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा अहवाल आला, त्यात कितीतरी पक्ष्यांची उतरंड दिसते, आणि मोजक्या मजेत असलेल्यांमध्ये कबुतर आहे. त्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून वर्षानुवर्षं आत गेली, की काहींच्या फुप्फुसांना सूज येते. हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस असं जीभ अडखळणारं नाव आहे त्याचं. वेळेत आवरलं तर आवरतं, नाहीतर फुप्फुसावर कायमचे व्रण राहतात. 2025च्या उन्हाळ्यानंतर मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून केवढं रान उठलं, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, प्रकरण हायकोर्टात गेलं, हे तुम्ही वाचलं असेल. मीही तेव्हा वाचलं होतं, दुसऱ्याची बातमी म्हणून.

आजीचं आवरण्यातलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. आणि आदेश मिळाला, बाल्कनीला जाळी लावा. लवकर.

योगायोग असा की सोसायटीत जाळीचंच चाललं होतं. बारा फ्लॅट एकदम केले तर रेट कमी, म्हणून कमिटीनं मार्चचा शेवटचा रविवार ठरवला. जाळीवाला बाल्कनीत उभा राहून ड्रिलनं हुक मारणार. ड्रिलपासून चार फुटांवर, दोरीला, ती. अंड्यांवर बसलेली.

तुम्हाला वाटेल, आता मी पक्ष्याच्या बाजूनं आणि आजी जाळीच्या बाजूनं. नाही बॉस. उलट झालं. मी ठरवून टाकलं होतं, जाळी रविवारीच. पक्षी मला प्रिय आहेत, पण हा हिशोब मला अवघड वाटलाच नाही. शिंजीर काही दुर्मिळ नाही, त्या मोसमात पुन्हा घरटं बांधू शकतो. आजी एकच आहे.

'तिला उठवायचं नाही,' आजी म्हणाली.

'आजी, तुला डॉक्टरांनी काय सांगितलंय?'

'कबुतरांचं सांगितलंय. हिचं नाही सांगितलं.'

'जाळी एकच असते गं! कबुतरांसाठी वेगळी आणि हिच्यासाठी वेगळी अशी नसते.'

'मग महिनाभरानं लाव. मी चौऱ्याऐंशी वर्षं श्वास घेतेय, महिनाभर अजून घेईन.'

अशा वाक्यांवर नातीला उत्तर नसतं. मी चिडले, आजी जपाला बसली. संध्याकाळपर्यंत घरात नेहमीची शांतता होती, पण तिचा पोत वेगळा होता. शेवटी डॉक्टरांना फोन केला. अशा फोनची त्यांना सवय नसावी, कारण पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी अटी घातल्या. बाल्कनीचं दार पूर्ण बंद. आजी मागच्या खोलीत. कठड्यावरची घाण कोरडी झाडायची नाही, आधी पाणी मारून भिजवायची, मास्क लावून पुसायची, आजीनं त्या वेळी हॉलमध्येही यायचं नाही. 'चार आठवडे. त्यापुढे मी ऐकणार नाही.'

राहिले सेक्रेटरी काका. ते बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे भावनेला तारण मागतात. त्यांच्यापुढे मी वन्यजीव संरक्षण कायदा ठेवला. 1972च्या या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे, आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही त्या व्याख्येत बसतं. काकांनी चष्मा वर केला, परत खाली केला. 'म्हणजे रविवारी सोसायटी शिकार करणार होती?' मग म्हणाले, 'आणि कबुतरांच्या घरट्यांचं काय?' चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, अंडी घालायच्या आधी काड्या उचलायच्या, आणि त्यांच्या तुळशीची चौकशी केली. अकरा फ्लॅटला रविवारी जाळी लागली. आमची नंतर, जास्तीच्या रेटनं. फरक माझ्या लेखाच्या मानधनातून. (संपादकसाहेब, वाचताय ना?)

त्या चार आठवड्यांत आजीला बाल्कनी दिसलीच नाही. मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या पाइपांवर उघडते. तिथे तांबटही ऐकू येत नाही. तिसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावून लॅपटॉप तिच्या पलंगावर ठेवला. सकाळच्या पाऊण तासातले फोटो. जास्वंदीवर थांबलेली मादी, चोचीत हिरवी अळी, इतकी स्पष्ट की अळीचे पाय मोजावेत. आजी स्क्रीनला नाक लावून बघत राहिली. एवढ्या जवळून तिनं शिंजीर आयुष्यात बघितला नव्हता. बाल्कनीत दहा फुटांवर बसूनही तिला तो फक्त हलणारा ठिपका दिसायचा, हे मला तेव्हा कळलं.

मग रोज संध्याकाळी साडेसातचा शो. मालिकेच्या वेळेला. आजीच्या फर्माइशी वाढत गेल्या. 'कालचा बाप आला होता की नाही आज?' (नर पिल्लांना भरवायला येतो, पण त्याच्या फेऱ्या आजीच्या मते कमीच.) 'ही अळी कसली?' 'हिचं पोट खपाटीला गेलंय बघ.' मी स्पर्धेला पाठवायचे म्हणून जे फोटो बाजूला काढायचे त्यांना आजी नापास करायची, कारण त्यात मादी पाठमोरी, उजेड झकास, पण 'चेहरा कुठाय?' आणि जे मी डिलीट करणार ते तिला पाहिजे असायचे. चोच उघडी, पंख हललेले, पण काहीतरी घडतंय असे. अकराशे चाळीस फोटो झाले. माझ्या पसंतीचे सव्वीस, तिच्या पसंतीचे शंभरावर. एकही फोटो घरट्याच्या आतला नाही. पिल्लं किती, हे आम्हाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आजी तीन म्हणायची, मी दोन.

मधे एकदा कावळा कठड्यावर येऊन बसला. दोरीकडे मान वाकडी करून बघत होता. काचेच्या आड मी शालीसकट उभी राहिले, तेवढ्यावर गेला. निसर्गात ढवळाढवळ करू नये वगैरे मला माहीत आहे. कावळ्यालाही पिल्लं असतात हेही माहीत आहे. पण चार आठवडे आजी पाइपांकडे बघत बसली होती.

दोन होती. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात, सकाळी सातच्या आधी, उजेड नीट यायच्या आत पहिलं दोरीवर आलं, मग दुसरं. आखूड शेपटी, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. अर्धा तास नुसतं बसणं. मग शेवगा. फोटो अंधारे आलेत, आयएसओ सहा हजार चारशे, दाणाच दाणा. आजीनं त्यातला एक प्रिंट करून मागितला. तोच.

जाळीवाला त्यानंतर चार दिवसांनी आला. रिकामं घरटं मी दोरीसकट कापून शेवग्याजवळच्या कुंपणाला बांधलं, त्यातलं सामान कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं. जाळीचे डोळे दोन इंचांचे. यातून कबूतर येत नाही, चिमणीएवढं येतं, असं तो म्हणाला. 'पण येईल याची गॅरंटी नाही हां मॅडम.' तुमच्याकडे जाळी असेल आणि फोटो काढायचे असतील तर एक सांगते. लेन्स जाळीला अगदी टेकवा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. पक्षी पुरेसा लांब असेल तर जाळी फोटोतून गायब होते. थोडा फिकेपणा येतो, तो नंतर काढता येतो.

आजीचा खोकला कमी आहे. पुढचा स्कॅन जूनमध्ये. ती परत हॉलमध्ये झोपते, दुपारी तांबटाला बोलणी बसतात. शिंजीर जाळीच्या आत अजून आलेला नाही. मादी मात्र परवा बाहेरून जाळीला लटकली होती. कोपऱ्यात कोळ्यानं नवं जाळं विणलं होतं, ते ओढून घेऊन उंबराकडे गेली. दुसरं घरटं कुठेतरी चालू असावं. आजीनं घरकामाच्या मावशींना बजावून ठेवलंय, बाल्कनीतली कोळिष्टकं पावसाळ्यापर्यंत काढायची नाहीत. मावशी म्हणाल्या, लोक काय म्हणतील. आजी म्हणाली, त्यांना वर यायला दोन जिने आहेत, येतात कशाला.